भिंतीवर उगवलेला गहू

हॉलच्या भिंतीवर गहू उगवला असं मी गल्लीभर सांगितलं, पण एकालाही खरं वाटलं नाय.

आमची मुक्ता शाळेत जात नाय, घरीच माझ्याकडं शिकते. इतिहास पहिल्यापासून क्रमानं घ्यायचा आणि ज्या काळात पोचलो तिथली कला हातानं करून बघायची, ही माझी पद्धत. अजिंठ्याच्या काळात आलो, तेव्हा चित्र काढायच्या आधी भिंतीला लेण्यांसारखा माती, शेण आणि भुशाचा गिलावा दिला. आठवडाभरात त्यातून हिरवेगार कोंब आले!

माझे दीर फर्दापूरहून मुद्दाम बघायला आले. "वहिनी, चौथी शिकलेली बाई मास्तरीण झाली की असंच व्हायचं. सोमवारी पोरीचं नाव शाळेत घालतो."

"घालून तर बघा! मकबऱ्याच्या काळापर्यंत पोचल्याशिवाय माझी पोरगी इथून हलायची नाय."

मग ते भिंतीजवळ गेले. "भुशात एवढं गहू ठेवलं? कोण्या गाढवानं मळणी केली ही?"

मुक्तानं कुंचला खालीसुद्धा ठेवला नाय. "पोतं तुमच्याच खळ्यावरून आलंय, दिनकरकाका."