ओट्याचा मिस्त्री

चहा जपून प्या, हसताना सांडंल. आमच्या दारातला ओटा नवा बांधायचा हुता, पर भरवशाचा मिस्त्री कुटं गावंना. मग येईल त्याला मी इचारायची, "ह्यो जुना ओटा तुमीच बांधलाय म्हनं?"

पयला म्हनला, "व्हय की मावशी, माझंच काम."

दुसरा म्हनला, "माझा हात लगीच वळखू येतोय."

दोघास्नीबी चहा पाजून वाटंला लावलं.

तिसरा वाकून बघत म्हनला, "मी न्हाय बा. ज्यानं बांधला त्याला अक्कल न्हाय. सगळं पानी घरात जातंय की."

म्हनलं, "उद्यापास्नं कामाला या."

तवर आतनं आमचं म्हातारं वराडलं, "अगं, त्यो ओटा मी बांधलाय."

"ठावं हाय की. इतकी वर्सं मी एकटीच सांगत हुते, आज साक्षीदार गावला."