हौसाक्काचं मनगट

तर मंडळी, ऐका. मागे उभ्या आहात त्या बायकांनी पुढं या, जागा आहे. सरका गं जरा. हां. पेटीवाले अण्णा, सूर असाच धरून ठेवा.

कीर्तनाच्या पूर्वरंगात आपण काय म्हणालो? देह देवानं दिला. कबूल? कबूल! मग त्याची मशागत करायची ती कशी? मनाला गोड लागेल तशी, की देहाच्या हिताची असेल तशी? शास्त्रात एकाला प्रेय म्हणतात, दुसऱ्याला श्रेय. आणि आज समोर मारुतीराया गदा घेऊन उभे आहेत, तेव्हा मी प्रश्न अगदी उघडच करते. बाईनं वजनं उचलावीत का? की आपल्या आवडीची फुगडी घालावी, चार पावलं देवळापर्यंत चालावं, आणि व्यायाम झाला म्हणावं?

कोण म्हणालं, "फुगडी"? तुम्हीच ना, हिरव्या लुगड्यातल्या? मग ही गोष्ट तुमच्यासाठी.

आजऱ्याच्या बाजूला एक गाव. नाव सांगत नाही, इथं कुणाचे तरी पाहुणे निघायचे! त्या गावात हौसाबाई देसाई. सगळं गाव म्हणायचं हौसाक्का. वय एकोणसाठ. काही माणसांना नाव नुसतं ठेवलेलं असतं, या बाईंना ते लागू पडलं होतं. झिम्मा असो, घागर घुमवणं असो, फुगडी असो, हौसाक्का पुढं आणि बाकीच्या मागं. गौरी आल्या की पंचक्रोशीतून बोलावणी. आणि फुगडीला जोडीदारीण एकच, अनसूया पोवार. दोघी एका वर्गात शिकल्या, एकाच गावात दिल्या, आणि चाळीस वर्षं एकमेकींचे हात धरून गरगर फिरल्या. अहो, नवऱ्याचा हात इतका धरला नसेल!

अशा या हौसाक्काच्या घरात सून आली. केतकी. हायस्कुलात खेळाची शिक्षिका. लग्नाआधी वेटलिफ्टिंग करायची, राज्य स्पर्धेपर्यंत गेलेली. वरात दारात आली, टेम्पोतून सामान उतरायला लागलं. कपाट उतरलं, भांडी उतरली, आणि मग चौघांनी मिळून एक लांब लोखंडी बार उतरवला आणि त्याच्या वजनाच्या चकत्या. बायका तोंडाला पदर लावून बघतायत. एकीनं हळूच विचारलं, सून आणली का गिरणी? हौसाक्का हसली, पण मनातून तिला ते काही रुचलं नाही.

तो बार मागच्या गोठ्यात गेला. म्हशी विकून टाकल्या होत्या, गोठा रिकामाच होता. रोज सकाळी केतकी तिथं जाऊन उचलायची, ठेवायची, उचलायची, ठेवायची. हौसाक्का चुलीपाशी बसून तो धप्प धप्प आवाज ऐकायची आणि म्हणायची, ह्यात गाणं न्हाई, हसणं न्हाई, संगत न्हाई. ही कसली हौस?

पुढं गावात हाडं तपासायचं शिबिर झालं. पन्नाशीपुढच्या सगळ्या बायका रांगेत. हौसाक्काचा कागद बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हाडं विरळ व्हायला लागली आहेत. गोळ्या दिल्या, आणि सांगितलं की अंगावर थोडा भार घेऊन व्यायाम करा, कुणाच्या तरी देखरेखीखाली, हलक्यापासून सुरुवात करून.

घरी आल्यावर सासूसुनेची जुंपली. भांडण नव्हे हं, वाद! केतकीनं समजावलं की चालणं, नाचणं चांगलंच, त्यानं दम टिकतो, मन खूश राहतं. पण वय वाढलं की अंगातलं मांस झिजतं, आणि त्याला भार दिल्याशिवाय ते टिकत नाही. हौसाक्का म्हणाली, "आडावरनं दोन-दोन घागरी आणल्या मी. जात्यावर दळलं. मला भार शिकवतीस?"

त्यावर केतकी शांतपणे म्हणाली, "आणल्यात, आत्ती. पण आता नळ आलाय."

मंडळी, या एका वाक्यापाशी थांबा जरा. नळ आला, गिरणी आली, मिक्सर आला. आले ते चांगलंच झालं, कुणाला परत जातं ओढायची हौस नाही! पण आपल्या आज्यांना न मागता मिळणारी ताकद त्याच दारानं बाहेर गेली, आणि जाताना ती कुणाला सांगून गेली नाही.

हौसाक्काला हे पटलं का? छे. नवऱ्यानं, आबांनी, मध्यस्थी केली म्हणून ती गोठ्यात गेली एवढंच. केतकी पडली शाळेतली बाई. शिट्टी तेवढी नव्हती! एक, दोन, तीन, पाठ सरळ, परत एक. हौसाक्काला आपण तिसरीत नापास झाल्यासारखं वाटायचं. मग सोमवारी उपास निघाला. गुरुवारी कंबर धरली. त्याच्या पुढच्या सोमवारी कोण तरी पाहुणी यायची होती, ती आलीच नाही. पंधरा दिवसांत गोठा सुटला. केतकी वैतागून म्हणाली, औषध काय आवडतं म्हणून घेतो का आपण? हौसाक्का म्हणाली, गोळी गिळायला एक घोट पाणी लागतं बाई, तुझ्या औषधाला अर्धा तास लागतो.

सांगा, चूक कुणाची? सुनेचं शास्त्र खरं. सासूचा कंटाळाही खरा. तुम्ही-आम्ही काय वेगळं करतो? पोथी लावतो, तिसऱ्या अध्यायात डुलकी!

पण एक गोष्ट हौसाक्कानं कुणाला सांगितली नव्हती. गेलं वर्षभर लोणच्याच्या बरणीचं झाकण तिला उघडत नव्हतं. ती बरणी गुपचूप आबांपुढं सरकवायची. पिळलेल्या चादरीतून पाणी गळत राहायचं. तिनं मनाची समजूत घातली होती की झाकणंच हल्ली घट्ट येतात.

भाद्रपद आला. गौरी जेवल्या त्या दुपारी ग्रामपंचायतीच्या पटांगणात झिम्मा-फुगडीच्या स्पर्धा. सगळं गाव लोटलं होतं. शेवटाला नेहमीप्रमाणं हौसाक्का आणि अनसूया. पायाला पाय जुळले, हातांची अढी पडली, दोघी मागं रेलल्या आणि सुरू झाल्या. फुगडीत काय असतं, बायकांनो? मी मागं पडत नाही ते तुझ्या हातामुळं, आणि तू पडत नाहीस ते माझ्या! फेरा वाढला, टाळ्या वाढल्या. पदर, अंबाडे, बांगड्या, सगळं एक झालं.

आणि हौसाक्काला कळलं, आपली करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. तिनं सगळा जीव पंजात आणला. थांब म्हणायला तोंड उघडलं, पण वेग इतका होता की शब्द बाहेर यायच्या आत हात रिकामा झाला.

अनसूया पटांगणाकडेच्या पाराच्या दगडी पायरीवर जाऊन आदळली. टाळ्या बंद. तिनं पडताना टेकलेला हात मनगटाशी वाकडा झाला होता. केतकी धावली, ओढणीनं हात बांधला, गाडी काढली. हौसाक्का मात्र मध्यावर उभी, स्वतःच्या पंजाकडं बघत.

अनसूयाच्या हाताला सहा आठवडे प्लास्टर. बाईचा एक हात अडकला म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. लुगडं नेसवायला दुसरी, वेणी घालायला तिसरी. हौसाक्का रोज सकाळी तिच्याकडं जायची आणि तिचे केस विंचरायची. बोलायची नाही फारसं. गावानं काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. कुणी म्हणालं, वयाला शोभेल असं वागावं. कुणी म्हणालं, दृष्ट लागली.

चौथ्या-पाचव्या दिवशी वेणी चालली असताना अनसूयानं मागं न बघता विचारलं, "हौसा, तू हात सोडलास व्हय गं?"

हौसाक्काची फणी थांबली. "सोडला न्हाई गं. धरवला न्हाई मला."

 अनसूया म्हणाली, आता मी कुणाच्या हातात हात द्यायची नाही, तेवढं सांगून ठेवते. रागानं नव्हे, साध्या आवाजात. त्यामुळंच ते जास्त लागलं.

त्या दिवशी हौसाक्का घरी आली ती थेट गोठ्यात. केतकी बार पुसत होती. हौसाक्का तिला म्हणाली, "हाडांचं मला काय सांगू नगंस. मला मनगट पाहिजे. माणूस धरून ठेवंल असं."

आता सुनेचा मोठेपणा बघा. ती "मी सांगत होते" असं म्हणाली नाही. किती अवघड असतं ते न म्हणणं! ती खाली बसली आणि म्हणाली, "माझंच चुकलं, आत्ती. मी हाडं मोजत बसले, तुम्हाला काय पाहिजे ते विचारलंच न्हाई."

मग केतकीनं काय केलं? म्हणाली, आधी मला फुगडी शिकवा, म्हणजे कुठं जोर लागतो ते कळेल. उभ्या राहिल्या दोघी, अगदी हळू. शंभर किलो डोक्यावर धरणारी मुलगी! चौथ्या फेऱ्याला तिचे डोळे फिरले आणि ती गवताच्या पेंढ्यांवर जाऊन बसली. हौसाक्का गौरीनंतर पहिल्यांदा पोट धरून हसली.

त्यानंतर गोठ्याची तऱ्हा बदलली. डॉक्टरीणबाईंना विचारून हलक्यापासून सुरुवात झाली. दोन हातांत दोन घागरी, आधी अर्ध्या, मग पाऊण, मग काठोकाठ, आणि गोठ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. ओला टॉवेल पिळायचा, शेवटचा थेंब गळेपर्यंत. खुर्चीवरून हात न लावता उठायचं. पुढं बार आला. केतकीचे आकडे बंद झाले, हौसाक्का झिम्म्याचा ठेका स्वतःच तोंडानं धरायची.

मग तिला त्याची गोडी लागली का? इथं मी खोटं सांगायची नाही, मारुतीसमोर उभी आहे. नाही लागली! बार तिला कधीच आवडला नाही. आठवड्यातून दोनदा ती गोठ्यात जाताना कपाळाला आठ्या घालूनच जायची. पण जायची. तिला बार आवडत नव्हता, अनसूया आवडत होती.

शिमग्याच्या सुमारास एकदा आबा बरणी उघडायला पुढं आले, तोवर झाकण टेबलावर होतं. आबांना जरा चुकल्यासारखं वाटलं. घरातलं एवढंच एक काम त्यांच्याकडं होतं ना!

वर्ष फिरलं. पुन्हा गौरी, पुन्हा पटांगण. अनसूया आली होती, पण लांब, कडेला खुर्ची टाकून. दुखरा हात मांडीवर दुसऱ्या हाताखाली झाकलेला. हौसाक्कानं तिला बोलावलं नाही. ती केतकीबरोबर उतरली. सून आता बारा फेरे टिकत होती! मग गावातल्या एका सुनेनंतर दुसरी, मग शाळेतल्या पोरी. एक पोरगी मध्येच घसरली, दोन्ही पाय जमिनीवरून सुटले.  हौसाक्कानं तिला तशीच धरली, तिचा सगळा भार मनगटांवर घेतला, वेग मोडला आणि तिला पायांवर उभी केली. पोरगी हसत पळाली. तिला कळलंही नाही.

अनसूयाला कळलं. ती खुर्चीतून उठली. मध्ये आली. कुणी टाळी वाजवली नाही, सगळ्यांना ठाऊक होतं काय चाललंय. तिनं आधी बरा हात पुढं केला. थोडी थांबली. मग दुसरा.

"हळू घे," ती म्हणाली.

हौसाक्कानं मान डोलावली. हातांची अढी पडली. दोघी मागं रेलल्या, अगदी थोड्या. एक फेरा. दुसरा. तिसऱ्याला अनसूयाचे खांदे सैल झाले, आणि तिनं स्वतःचा भार मागं सोडून दिला. सगळा.

सात फेरे झाले. पूर्वी सत्तर व्हायचे. पण त्या सातांनंतर दोघी जिथं थांबल्या तिथंच हात न सोडता उभ्या राहिल्या, धापा टाकत, डोळ्यांतलं पाणी पुसायला कुणाचाच हात मोकळा नाही.

आणि पुढच्या सोमवारी गोठ्यात अर्ध्या भरलेल्या चार घागरी होत्या. अनसूयानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की असला कंटाळवाणा प्रकार तिनं जन्मात पाहिला नाही. पण गौरीच्या गप्पा मारायला जागा बरी आहे, म्हणून येत जाईन!

तर मंडळी, श्रेय की प्रेय? ताकद की आवड? हौसाक्काला नुसती आवड होती तेव्हा हात सुटला. केतकी नुसती ताकद सांगत होती तेव्हा सासू गोठ्यातून पळाली. तुम्हाला जे मनापासून आवडतं ते सोडू नका. नाचा, चाला, पोहा, फुगडी घाला. आणि ते सत्तराव्या वर्षीही करता यावं म्हणून आठवड्यातले दोन दिवस भाराचे द्या. नाही आवडलं तरी द्या. कुणासाठी द्यायचे, हे तेवढं ज्याचं त्यानं मनात ठरवा. नातवाला कडेवर घ्यायचं असेल, म्हाताऱ्या आईला अंथरुणावरून उठवायचं असेल. भक्ती म्हणजे तरी दुसरं काय? कुणाला तरी धरून ठेवायचं, आणि हात सुटू द्यायचा नाही.

चला, आता आरतीला उठायचंय. सगळे दीड तास मांडी घालून बसलात. ज्यांना जमेल त्यांनी जमिनीला हात न टेकता उठा बघू. पुरुष मंडळी, तुम्हीसुद्धा! ज्यांना आज टेकावा लागतोय त्यांनी खुशाल टेका, लाजू नका. शेजारणीनं हात द्या तिला. हां, असा. घट्ट धरा गं! अण्णा, पेटी ठेवा खाली, तुमचाही गुडघा बघू. उठलात? सगळे उठलात? मग आता म्हणा माझ्याबरोबर, छाती भरून — जय बजरंगा!