रावसाहेबांच्या मोटारीची मागची खिडकी

चहा घ्या, तोवर आमच्या अमरावतीच्या एका रावसाहेबांची गोष्ट ऐका. कौन्सिलच्या निवडणुकीला उभे होते. मोटार कापडी टपाची. तिची मागची सेल्युलॉइडची खिडकी पिवळी पडून पार आंधळी झालेली. मला म्हणाले, "बातमीदार, चला अकोल्याले. रस्त्यानं लोकं मले कसा रामराम घालतात ते पाहा अन् छापा."

माझ्यावर छाप पडावी म्हणून त्यांनी निघण्याआधी खिडकीसुद्धा नवी बसवून घेतली. आरपार लख्ख!

लोकांनी रामराम घातला, खोटं कशाला बोलू? एका गाडीवानानं बैल रस्त्याखाली उतरवून हात जोडले. रावसाहेब खुशीत मागे वळून बघतात, तर धुळीनं माखलेला तोच गाडीवान जोडा उगारून उभा! पुढे एका माळणीनं वाकून नमस्कार केला आणि मोटार जाताच फुलांच्या टोपलीवरची धूळ झटकत बोटं मोडली.

अकोल्यात शिरताच रावसाहेबांनी मोटार रहीमभाई तंबूवाल्याच्या दारात थांबवली.

"रहीमभाई, ही खिडकी काढा. तिथं जाड कापड शिवा."

"काहून रावसाहेब? नवीकोरी तं हाय. पाणी येऊन राहिलं काय?"

"पाणी नाही हो, लोकं दिसून राहिले!"

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता छापा."

मी छापलं: "रावसाहेबांना वाटेत समोरून पुष्कळ रामराम मिळाले. मागून काय मिळालं, ते पाहण्याची सोय त्यांनी अकोल्यात शिवून बंद केली आहे."