एका पायाचा निकाल

आमच्या कणकवलीच्या कॉलेजात एका फुलपाखराला संस्थेच्या अध्यक्षांचं नाव होतं, हे तुम्हाला खोटं वाटेल. मी तिथे कारकून होतो म्हणून सांगतो. प्राणिशास्त्राच्या परब सरांना प्राचार्य व्हायचं होतं. त्यांनी पंखांवरचे ठिपके बघून एक स्किपर फुलपाखरू नव्या जातीचं ठरवलं आणि त्या जातीला अध्यक्ष भाऊसाहेबांचं नाव दिलं. पुढे त्यांच्याच एका विद्यार्थ्याने त्या फुलपाखराच्या एका पायाचा डीएनए तपासून पुण्याहून कळवलं, की नवी जात वगैरे काही नाही, ज्यांच्या अळ्या माडाची पानं खातात, त्या नेहमीच्या स्किपरांपैकीच हे आहे.

भाऊसाहेबांनी सभा बोलावली.

"परबांनु, फुलपाखराक पाय किती?"

"सहा, भाऊसाहेब."

"आणि तपासले किती?"

"एक."

"मगे एका पायार कसलो निकाल? उरलेल्या पाचांची मोजणी होऊ दे. माझी पयली निवडणूक पण फेरमोजणीतच फिरलेली."

सहाही पायांत डीएनए एकच असतो, हे वर्गात शिकवणारा माणूस त्या सभेत एकच होता. फेरमोजणीच्या ठरावाला अनुमोदन त्यानेच दिलं. जूनमध्ये प्राचार्यही तोच झाला.