शेवटच्या डावाचं पान

हॅलो?

हो भार्गवी, बोल… हो, घरातच आहे, आत्ता आले. अगं, पायातले बूटसुद्धा काढले नाहीयेत अजून.

बघितले. सात मिस्ड कॉल होते. एलआरटी ट्रेनमध्ये होते गं, एक हात दांड्याला आणि एक हात मास्कवर. कसा उचलणार?

धूर. अगं, तिकडे इंडोनेशियात जंगलं जळतात, तो सगळा आमच्याकडे येतो… हो, तिसरा आठवडा. खिडक्या बंद, एसी चालू, घशात खवखव. समोरची बिल्डिंगही दिसत नाही. तशी आमच्या या सेंगकांग उपनगरात समोरच्या बिल्डिंगशिवाय दिसायला आहे काय म्हणा.

नाही, नाही, बरी आहे. दमलेय फक्त. ऑफिसमध्ये या आठवड्यात दोन रिलीज आहेत, संजीव बंगलोरला गेलाय, आणि ऋचा… ऋचा बरी आहे. आत अभ्यास करतेय. म्हणजे फोन बघत असणार.

हो, माहितीये. पान.

माहितीये गं, छापखानेवाला सहाला बंद करतो. आत्ता तुमच्याकडे किती, साडेचार ना?… मग आहे की वेळ.

सापडत नाहीये वही. म्हणजे… बघितलं एकदा कपाटात. बाबांच्या पंधरा-वीस वह्या आहेत, त्यांतली नेमकी सत्त्याऐंशीची… हो, बघते परत. पण समजा नाहीच मिळाली तर त्या जागी प्रकाशदादाचा फोटो टाका ना. तो पांढऱ्या टोपीतला. छान आहे तो.

अगं ऐक ना… ऐक… स्मरणिकेत स्कोअरबुकाचं पान वाचणार कोण आहे? जळगावात ते कळणारी माणसं तेव्हा पन्नास होती. क्रिकेटच्या वर्ल्ड कपाचं वर्ष ते, लोक टीव्हीसमोर बसलेले. बेसबॉल म्हटलं की विचारायचे, यात रन काढताना बॅट का टाकून देतात.

हो, वाचते ना ग्रुप. दोनशे बारा मेसेज होते काल. अठ्ठावीस वर्षांत कोणी एकमेकांना फोन केला नाही, आणि माणूस गेल्यावर सगळ्यांना सगळं आठवतंय… नाही, चिडत नाहीये. पण सुलेखाचं वाचलंस का तू? म्हणे प्रकाशदादाने मारलेला चेंडू चालत्या मालगाडीत पडला आणि नागपूरला गेला. मागच्या आठवड्यात तोच चेंडू कॉलेजच्या खिडकीत गेला होता. शोकसभेपर्यंत कलकत्त्याला पोचेल.

हसू नकोस, मलाही हसू येतंय… हो, ते खरंय, ग्लोव्हजचं. स्टेशनजवळच्या चांभाराकडून शिवून घेतलेले. नऊ जणांत चार. डाव बदलला की मैदानावर काढून ठेवायचे, समोरच्या टीमने ते उचलून घालायचे. माझे बाबा त्यांना रात्री खोबरेल लावायचे, आणि आई म्हणायची, पोरीच्या केसांना लावायला तेल नाही आणि याला… हो. तीच वेणी. मैदानात सगळ्यांच्या मागे बसलेली मी आणि बाबांची वही.

अकरा वर्षांची. पाचवीत होते, तूही होतीस की. तू नुसती केळी खायला यायचीस.

…

काय? वाच की. ऐकतेय. स्पीकरवर टाकते, बूट काढते जरा.

हं… हं… कोणी लिहिलाय हा लेख?… सुबोधदादाने? तुझ्या नवऱ्याने? स्वतः?

परत वाच मथळा.

‘दुसऱ्याची चूक स्वतःवर घेणारा माणूस.’

हं.

  पुढे वाच… काय म्हणायचा प्रकाशदादा त्याला?… कधी?… म्हणजे दर वेळी? तुमच्या लग्नातसुद्धा?

‘तुझा चेंडू चांगला होता रे, चूक माझी होती.’ असं म्हणायचा.

आणि सुबोधदादाला काय वाटायचं?

समजूत घालतोय. हो ना. मोठा माणूस आहे, हरलेल्या पोराची समजूत घालतोय… हं. तुलाही तेच वाटायचं.

नाही गं, रडत नाहीये. घसा. धुराने होतं असं.

भार्गवी, ऐक. वही सापडलीय.

नाही, आत्ता नाही. तीन दिवस झाले. डायनिंग टेबलवरच आहे, या काय म्हणतात त्या… बिलांच्या खाली. रोज जेवताना दिसते. मी खोटं बोलले.

अगं थांब, ‘मग पाठव’ काय? थांब जरा. ऐक आधी. ते पान छापलंत तर त्यात काय दिसेल माहितीये? शेवटचा डाव, दोन आऊट, आपण एका रनाने पुढे, आणि सुबोधदादाच्या बॉलिंगवर हिट. दोन रन. आपण हरलो. खाली सुबोधदादाचं नाव. तेच छापायचंय का तुम्हाला?

‘त्याला चालेल’ म्हणे. तो चांगला आहे म्हणून त्याला चालेल.

तो हिट नव्हता, भार्गवी.

नव्हता. सरळ जमिनीवरून गेलेला चेंडू होता, हळू. प्रकाशदादाच्या हातात आला आणि हातातून निसटला. ग्लोव्हच्या कडेला लागला आणि मागे गेला. असा चेंडू तू पण धरला असतास.

कारण मी बघितला. सूर्य समोर होता ना सगळ्यांच्या डोळ्यांवर, धूळ उडालेली. माझं टेबल सावलीत होतं. आणि सुबोधदादा चेंडू टाकून घसरला होता, ते कॅनव्हासचे गुळगुळीत बूट. तो उठून बघेपर्यंत चेंडू पार कुंपणाला.

बाबा? बाबा नव्हते टेबलवर. बक्षिसं द्यायला पाहुणे आलेले, त्यांना आणायला गेटवर गेले होते. म्हणाले, अनु, शेवटचा डाव तू लिही. मी लिहिला.

आता काय सांगू का. अकरा वर्षांची होते. प्रकाशदादा मला… देव होता गं तो. मला ‘स्कोअररबाई’ म्हणायचा. त्याच्या नावापुढे चूक लिहायची म्हणजे… हात नाही धजला. मी एररऐवजी हिट लिहिलं. वाटलं, एक अक्षर तर आहे. ते कोणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसतं हे कुठे कळत होतं?

हो. बरोबर. एरर नाही म्हणजे दोष बॉलरचा. आणि दुसऱ्या दिवशी निवड समितीने वही बघितली. कॅम्पच्या यादीत सुबोधदादा नाही.

तुला सांगायला नको, पुढचं तुला जास्त माहितीये. खेळाडू कोटा हुकला… हो. चार वर्षं नोकरी नाही. मग ते दुकान.



शिव्या दे हवं तर. 

नाही, थांब, अजून आहे. हे सगळ्यात वाईट आहे. त्या संध्याकाळी प्रकाशदादा घरी आला होता. बाबा आंघोळीला गेलेले. ओट्यावर बसला आणि मला विचारलं, स्कोअररबाई, एरर लिहिलीत ना? मी म्हटलं, हो. म्हणाला, शाबास, लिहायलाच पाहिजे, नाहीतर त्या पोराचं नुकसान होईल. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला.

वही नाही मागितली गं त्याने. माझ्यावर विश्वास ठेवला. यादी आल्यावर बिचारा बाबांशी भांडायला आला होता, निवडीत राजकारण झालं म्हणून. मी आतल्या खोलीत. पांघरुणात.

नाही सांगितलं. बाबांनाही नाही. दर वर्षी वाटायचं, आता सांगू, आता सांगू. मग कॉलेज, मग लग्न, मग इथे आले. इथे आल्यावर तर काय, लांब आहोत, सोपं झालं. ती वही मात्र बाबांच्या बाकीच्या वह्यांत घालून, मसाल्याच्या डब्यांबरोबर घेऊन आले. टाकवली नाही आणि उघडवलीही नाही.

…

कोण? जवळ आहे? किती वेळ?

म्हणजे तुझाही फोन स्पीकरवर आहे, भार्गवी?

नाही… हो… दे. दे त्याला.

…

सुबोधदादा.

हो, मी अनघा. श्रीधर सरांची.

ऐकलंस का सगळं?

हं.

काय, तुझा शेवटचा चेंडू?

हो… खालीच होता. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या कोपऱ्यावर. बाबा शिकवायचे तसाच. समोरच्या बॅट्समनने तो नुसता ढकलला, मारलासुद्धा नाही… हो, खरंच. चांगला होता चेंडू. फार चांगला होता.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

नाही, तू असं म्हणू नकोस. लहान होते हे खरंय, पण वीस वर्षांची झाले तेव्हा लहान नव्हते, तीसची झाले तेव्हाही नव्हते. तुझ्या लग्नात जेवून गेले मी. श्रीखंड वाढत होतास तू मला.

शांत कसा आहेस तू?… काय?

प्रकाशदादा किती वेळा म्हणाला होता तुला?… शेवटचं कधी?… हॉस्पिटलमध्ये? तेव्हाही तेच?

आणि तू म्हणालास, जाऊ दे प्रकाशदादा, आराम कर.

अरे देवा.

नाही, तुझी काय चूक? वहीत लिहिलेलं होतं ना. तू वही खरी मानलीस आणि त्याला खोटं… खोटं नाही म्हणत, मोठेपणा म्हणतेय. अठ्ठावीस वर्षं तो एकटाच खरं बोलत होता आणि आपण सगळे म्हणत होतो, काय मोठं मन आहे.

थांब, पाणी पिते.

…

हो. बोल… नाही, न छापता कसं? आता तर छापायलाच पाहिजे. अरे, शोकसभा आहे म्हणून काय झालं? त्यानेच सांगितलं होतं लिहायला. त्याचं एवढंच एक काम माझ्याकडे राहिलंय.

वही समोर आहे. उघडतेय… पानं पिवळी पडलीत. हे बघ, शेवटचा डाव. पेन्सिलीने आहे. माझं अक्षर, केवढं मोठं लिहायचे मी.

खोडायचं नाही. बाबांचा नियम आठवतो ना? स्कोअरबुकात खोडरबर चालणार नाही. एक रेघ मारायची, वर बरोबर ते लिहायचं, शेजारी सही. चुकलं ते पण दिसलं पाहिजे… हो, तुला पण मारलं होतं का डोक्यात त्यावरून?

एक मिनिट. ऋचा… ऋचा, पेन्सिल दे गं जरा… कुठलीही… हो, टोक असलेली.

काही नाही, मुलगी म्हणतेय, ‘टेक लाह, नीड टू आस्क मेह?’ म्हणजे घे की, विचारतेस काय… हो, असंच बोलतात इथे. मोठी झाली. अकरा पूर्ण होतील पुढच्या महिन्यात.

हं. मारली रेघ.

ई… सहा. एररचा ई, शॉर्टस्टॉपचा, म्हणजे प्रकाशदादाच्या जागेचा, सहा. लिहिलं.

सही करते… नाही, आजचीच तारीख टाकते.

सुबोधदादा, वेडीवाकडी आली सही. चालेल?

बरं.

आणि ऐक, तो मथळा बदल. दुसऱ्याची नाही, स्वतःची. फक्त तेवढा एक शब्द बदल, बाकीचा लेख राहू दे… हो, तू लिहिलायस तो छानच आहे.

भार्गवी कुठे आहे?… रडू दे तिला. नंतर बोलेन मी तिच्याशी. ती बोलायला तयार असेल तेव्हा.

किती वाजले तुमच्याकडे?… सव्वापाच. मग ठेव आता. अरे, ठेव म्हणतेय, फोनवर बोलत राहिले तर त्याच फोनने फोटो कसा काढू?

हो. आत्ता पाठवते. लगेच.

ठेवते.