थरथरणारं लुगडं

टीव्हीवर फोटोसुद्धा थरथरतात, हे मला सासूबाईंमुळं कळलं बघा. सासू-सासऱ्यांच्या लग्नाच्या पन्नाशीला माझ्या लेकीनं जुन्या फोटोंचा व्हिडिओ केला. टीव्हीवर लावला, तर लग्नाच्या फोटोतलं सासूबाईंचं बारीक चौकड्यांचं लुगडं नुसतं थरथरायला लागलं.

सासूबाई हिरमुसल्या. "अगं, कोरेगावची माझी माहेरची माणसं येनार हायती. हसतील की!"

"आजी, बारीक रेघा टीव्हीवर अशाच हलतात. फोटो जरा पुसट करते." लेकीनं तसं केलं आणि लुगडं शांत झालं.

सासरे म्हणाले, "पयलाच ठेव गं. ही तवा बी अशीच थरथरत व्हती. मिलिटरीतला नवरा बघून लय भ्याली व्हती."

"आवं, भ्याले न्हवते!" सासूबाई कडाडल्या. "बूट घालून माज्या पायावर उभं व्हता तुमी!"