शेजारी बसवू, की पुसून बसवू?

हं, टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले, तुम्ही तेवढा सूर धरून राहा. मंडळी, आधी एक सांगा — घरात काही बिघडलं, की आपण काय करतो? विचारतो, की ठरवून टाकतो? नुसत्या माना डोलवू नका, बोला! नाही बोलत? बरं, मग ऐका!

आजऱ्याकडच्या एका गावात सबनीस मास्तर राहत. चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. गावच्या देवळात जुनी भित्तिचित्रं होती — गरुडावरचा विष्णू, गजेंद्र, समुद्रमंथन! मास्तरांनी त्यांचे बारकाईनं फोटो काढले होते. पुढे देवळाचा जीर्णोद्धार निघाला, आणि काय केलं असेल लोकांनी? चित्रं खरवडली! वर चकचकीत फरशी! अहो, देवाच्या गाभाऱ्याला न्हाणीघराची कळा! हसताय? मास्तर हसले नाहीत, त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

मग गावाला पश्चात्ताप झाला. चित्रं पुन्हा काढायची ठरली. आधार एकच — मास्तरांच्या कॉम्प्युटरमधले फोटो. दुसरीकडे प्रत? नाही!

घरात मुलगा हेरंब आणि नवी सून मृण्मयी. तिला घरबसल्या प्रोग्रामिंगचं काम मिळालं. त्यासाठी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम लागे. म्हणजे — आजी, घाबरू नका — कॉम्प्युटरचा सगळा कारभार बघणारी व्यवस्था. एकाच यंत्रात अशा दोन सुखानं नांदतात. सुरू करताना हवी ती निवडायची!

सून म्हणाली, "बाबा, तुमच्या कॉम्प्युटरवर माझीही सिस्टीम बसवू? आधी फोटोंची प्रत काढते, मग सावकाश बसवते."

मास्तर म्हणाले, "बसव की! जागा भरपूर आहे."

प्रतीसाठी नवी डिस्क आणायला ती गडहिंग्लजला गेली. मास्तर देवळातल्या बैठकीला. घरात राहिला हेरंब. त्याला वाटलं, ती येईपर्यंत आपणच करून ठेवू. खूश होईल! हेतू वाईट होता का? मुळीच नाही!

बसला. स्क्रीननं विचारलं — "आधीच्या सिस्टीमच्या शेजारी बसवू, की सगळी डिस्क पुसून बसवू?" हेरंब म्हणाला, पुसूनच घेऊ, स्वच्छ! दाबलं! स्क्रीननं पुन्हा विचारलं — "नक्की?" अहो, हल्ली माणूससुद्धा दुसऱ्यांदा विचारत नाही! दाबलं — हो!

नवी सिस्टीम झोकात सुरू झाली. नीट चालते का बघायला त्यानं एक सिनेमाही उतरवून घेतला, आणि चहा टाकायला आत गेला.

मृण्मयी आली. स्क्रीन बघितली. जुनी सिस्टीम नाही! फोटो नाहीत! काही म्हणजे काही नाही! तेवढ्यात मास्तर दारात —

"काय झालं?"

"बाबा... फोटो गेले."

मास्तर काय बोलले ते ऐका — "जागा मागितलीस, दिली. आणि तू माझंच सगळं पुसून टाकलंस!"

चहाचा कप हातात घेऊन हेरंब दारात उभा. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं कपात पाहिलं!

मंडळी, डिस्क पुसली गेली त्याचा धक्का एक. पण हा? सात पावलं बरोबर चाललेला माणूस, आणि तोंडातून अक्षर नाही!

ती रडत बसली नाही. आधी यंत्र बंद केलं. "आता याला कुणी हात लावू नका. वर नवं काही लिहिलं गेलं नाही, तर खालचं कदाचित सापडेल."

तिघं ती पुसलेली डिस्क घेऊन कोल्हापूरला गेले. तिथं एका दुकानात शबाना मुजावर म्हणून बाई पुसलेला मजकूर परत काढून देत. त्यांनी विचारलं, "नेमकं काय दाबलं? नंतर वर काय काय उतरवलं? खरं सांगा, त्यावरच पुढचं ठरेल."

मृण्मयी म्हणाली, "मला माहीत नाही."

मास्तर कडाडले, "माहीत नाही? करताना माहीत होतं ना!"

आता गप्प राहिला तर फोटो जाणार! हेरंब पुढे आला.

"बाबा... मी दाबलं. वर सिनेमाही उतरवला. ती घरात नव्हतीच."

मास्तर सुनेकडे वळले. म्हणाले, "मृण्मयी, तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाहीत, बाबा. तुम्ही सांगितलंत."

दुकानभर लोक होते. त्या सगळ्यांसमोर मास्तरांनी सुनेला हात जोडले. "माझं चुकलं, पोरी." तिनं ते हात धरून खाली केले. हेरंबाशी मात्र ती बरेच दिवस कामापुरतंच बोलली. का बोलावं?

गरुड परत आला. गजेंद्र आला. समुद्रमंथन आलं नाही! त्याच्या जागेवर तो सिनेमा बसला होता. घरी आल्यावर मास्तरांनी स्वतः फोटोंच्या दोन प्रती काढून घेतल्या, आपली जुनी सिस्टीम पुन्हा बसवून घेतली आणि सुनेला म्हणाले, "आता तुझी सिस्टीम बसव. मी इथंच बसतो. प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाच." दोन्ही सिस्टीम आता एकाच यंत्रात आहेत. देवळाची एक भिंत मात्र कोरी आहे.

तुमच्याही घरात कुणी तरी न केलेल्या गोष्टीचा आळ घेऊन भांडी घासत असेल. मास्तरहो, आज तिला विचारा! आणि खांबाआड बसलेले हेरंब — हो, तुम्हीच! इकडे तिकडे काय बघता? 'मी केलं' हे सांगायला उठून घरी गेलात आणि आरती चुकली, तर देव रागावणार नाही. वाट मोकळी आहे. उठा!